वडिलांची १९६७ ची साइडकारवाली बुलेट : जोडणी, घाटातली डावी वळणं आणि मोरगावची राईड

फटफटी_६७

नमस्कार मंडळी. साताऱ्याच्या घरी पडवीत वडिलांची १९६७ ची बुलेट ३५० साइडकारसकट १८ वर्षं उभी होती, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर कोंबड्या. वडील गेले त्यानंतर कोणी हात लावला नाही. मागच्या वर्षी आई सहज बोलून गेली की लग्न झाल्यावर पहिल्यांदा मोरगावला गेलो ते याच डब्यात बसून, मांडीवर नारळाची पिशवी घेऊन. ते ऐकलं आणि ठरवलं की हिला परत याच गाडीतून मोरगावला न्यायचं. आई आता ७४ ची आहे त्यामुळे फार वर्षं थांबण्यात अर्थ नाही.

इंजिनचं काम झालंय. बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, बिग एंडचा फ्लोटिंग बुश नवा केला, व्हॉल्व्ह गाइड बदलले, वायरिंग पूर्ण नवीन. पॉइंट साफ करून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेसर (किक हलकी व्हावी म्हणून सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक मारली आणि तिसऱ्या किकला चालू झाली. त्या दिवशी आई नुसती ओट्यावर बसून आवाज ऐकत होती.

अडचण पुढची आहे. साइडकार एका गॅरेजमध्ये बसवून घेतली, त्यांनी नजरेनेच अंदाज घेऊन बोल्ट आवळले. आता गाडी डावीकडे इतकी ओढते की २० किमी चालवली तर उजवा खांदा भरून येतो, आणि ३५ च्या आसपास हँडल असं थडथडतं की सोडून द्यावंसं वाटतं. गॅरेजवाले म्हणतात साइडकारवाली गाडी अशीच असते, सवय होईल. खरंच अशीच असते का? वडील तर एका हाताने चालवायचे असं आई सांगते.

---

ओळंबा

अजिबात अशी नसते. नीट जोडलेली गाडी सपाट रस्त्यावर ५० ला दोन बोटांनी सरळ जाते. तुमचे वडील एका हाताने चालवत असतील यावर माझा पूर्ण विश्वास आहे, फक्त त्यांच्या गाडीची मापं कोणीतरी नीट काढली असणार.

तीन मापं आहेत आणि तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत म्हणून सगळं वाचून मग पाना हातात घ्या. पहिलं टो-इन. साइडकारचं चाक बुलेटच्या चाकांना एकदम समांतर नको, पुढून किंचित आत वळलेलं हवं. अ‍ॅल्युमिनियमचे दोन सरळ चॅनेल घ्या, २ मीटरच्या वर लांब, एक बुलेटच्या दोन्ही टायरला टेकवून जमिनीवर ठेवा आणि दुसरा साइडकारच्या टायरला टेकवून. आता पुढच्या चाकाच्या पुढे दोन चॅनेलमधलं अंतर मोजा आणि मागच्या चाकाच्या मागे मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा १५ ते २० मिमी कमी आलं पाहिजे. जास्त ठेवलं तर टायर खरवडून निघतो, आणि उलटं झालं म्हणजे चाक बाहेर बघत असेल तर गाडी डावीकडे पळणारच.

दुसरं लीन-आउट. गाडी साइडकारपासून बाहेर, म्हणजे आपल्याकडे उजवीकडे, एक ते दोन अंश कललेली हवी, कारण डब्यात माणूस बसला आणि तुम्ही सीटवर बसलात की ती आत येते. यासाठी मी गवंड्याचा ओळंबाच वापरतो (नावही त्यावरूनच घेतलंय). पुढचं चाक सरळ ठेवा, स्टिअरिंगच्या मध्यावरून दोरा सोडा आणि टायरच्या मध्यापासून किती सरकतो ते बघा. १ मीटर उंचीला १७ मिमी म्हणजे साधारण एक अंश. मापताना डब्यात आईंच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवा आणि सीटवर कोणालातरी बसवा, रिकाम्या गाडीवर काढलेलं माप रस्त्यावर टिकत नाही.

तिसरं लीड. साइडकारच्या चाकाचा अ‍ॅक्सल बुलेटच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे असतो, १५० ते २०० मिमी ठीक. हे कमी असेल तर उजव्या वळणात, त्यातही ब्रेक दाबला तर, डब्याचं नाक खाली जातं आणि मागचं चाक हलकं होतं. फार जास्त असेल तर हँडल जड. बरेच लोक याच्याकडे बघतच नाहीत कारण बदलायचं तर क्लॅम्प नवे करावे लागतात.

थडथडण्याचं म्हणाल तर आधी स्टिअरिंगचे बॉल रेस (बेअरिंगच्या गोळ्या फिरतात त्या वाट्या) बघा, १८ वर्षं उभ्या गाडीत त्यांना खळगे पडलेले असतात. आणि हँडलच्या मधोमध जो गोल नॉब आहे तो शोभेचा नाही, फ्रिक्शन डँपर आहे. आतली चकती जागेवर आहे का बघा, बऱ्याच गाड्यांतून ती गायब असते. कमी स्पीडला थोडी थरथर प्रत्येक साइडकारला येते, डँपर अर्धा फेरा आवळला की जाते. थरथर राहिली तर डँपर अजून आवळत बसू नका, टो-इन परत मोजा.

---

चेतकची_लेक

आई ओट्यावर बसून आवाज ऐकत होती हे वाचून डोळे भरले.

आमच्याकडे बुलेट नव्हती, चेतक होती आणि तिला डावीकडे साइडकार. आम्ही पाच जण. बाबा चालवायचे, मागे आई, डब्यात आम्ही तिघी बहिणी, मी सगळ्यात धाकटी म्हणून पुढे पायाशी. त्या काळी चेतकला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, चारचाकीचा तर प्रश्नच नव्हता, तेव्हा ही साइडकार म्हणजेच आमची मोटार. पुण्यात अशा कितीतरी कुटुंबांनी संसार त्या डब्यातून वाहिलाय. गॅस सिलिंडर त्यातून, दिवाळीची खरेदी त्यातून, मी झाले तेव्हा हॉस्पिटलमधून घरी आले तीही त्यातूनच.

एक गोष्ट बाबा सांगायचे ती इथे उपयोगी पडेल. चेतकचं इंजिन उजवीकडे आणि साइडकार डावीकडे, त्यामुळे तोल थोडा तरी सांभाळला जायचा, पण रिकामा डबा घेऊन ते कधी डावीकडे जोरात वळायचे नाहीत. आम्ही नसलो की डब्यात पाण्याने भरलेला कॅन ठेवायचे. लहानपणी वाटायचं पाणी कशाला फिरवतात.

---

फटफटी_६७

ओळंबा, शनिवार-रविवार घालवून मापं काढली. खरंच नीट वाचा, मी मोजूनच हादरलो. टो-इन नाहीच, उलट पुढचं अंतर मागच्यापेक्षा ३ मिमी जास्त. गाडी उजवीकडे कलायच्या ऐवजी डब्याकडे झुकलेली. लीड फक्त ९० मिमी. म्हणजे तिन्ही चुकीची आणि पहिली दोन तर ओढ लागणाऱ्या दिशेलाच. बॉल रेसमध्ये बोटाला लागतील असे खळगे. डँपरची चकती नाही.

चेतकची_लेक ताई, पाण्याचा कॅन लक्षात ठेवला.

---

नाना_पेठ_वारी

माझ्याकडून काही गोष्टी, तीन साइडकार जोडून झाल्यात म्हणून सांगतोय.

स्पोक. एकट्या बुलेटचं चाक कायम वळणाच्या बाजूला झुकतं त्यामुळे आऱ्यांवर आडवा जोर येत नाही, साइडकार लावली की गाडी झुकतच नाही आणि सगळा आडवा जोर आऱ्यांवर. जुन्या गंजक्या आऱ्या घासून चालवू नका, तिन्ही चाकं नव्या जाड आऱ्यांनी बांधून घ्या आणि पहिल्या २०० किमीनंतर परत आवळा. आरीवर पाना वाजवून बघायचा, सगळ्यांचा नाद सारखा आला पाहिजे, एखादी भदभद वाजली की ती सैल.

गिअरिंग. ३५० ला साधारण १८ बीएचपी, त्यात डब्याचं वजन आणि माणसं. मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) ब्रेक ड्रमच्याच अंगाचा, ३८ दातांचा, तिथे काही करता येत नाही म्हणून बदल गिअरबॉक्सच्या स्प्रॉकेटमध्ये करायचा, एक-दोन दात कमी. टॉप स्पीड जातो, जाऊ दे, ५०-५५ च्या वर साइडकार पळवायचीच कशाला. पण चढाला तिसऱ्यात गाडी श्वास घेऊन चढते, सारखं दुसऱ्यात गुरगुरत बसावं लागत नाही. क्लच प्लेट नव्या टाका.

सामानासाठी नाना पेठेत दिवस काढा, बुलेटचं जवळपास सगळं मिळतं. नाही मिळत ते साइडकारचे क्लॅम्प आणि आयबोल्ट. त्यासाठी बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार, आणि तिथेही नाही मिळालं तर लेथवर बनवा, पण साध्या पट्टीतून नको, चांगल्या पोलादाच्या सळईतून. चार जागी पकड हवी, खाली दोन आणि वर दोन. वरचे दोन आटे असलेले, म्हणजे लीन-आउट कमी जास्त करता येतं.

आणि हात जोडून सांगतो, रंग सगळ्यात शेवटी.

---

फटफटी_६७

रंगाचं आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं. डबा मी ऑगस्टमध्येच रंगवून घेतला होता, वडिलांच्या आठवणीतला तोच गडद हिरवा, वर हाताने सोनेरी रेघ, रेघ मारणारे म्हातारे कारागीर साताऱ्यातच मिळाले. आता लीड ९० वरून वाढवायचं म्हणून खालचा पुढचा क्लॅम्प नव्या जागी घ्यावा लागला, साइडकारच्या चासीला वेल्डिंग, आणि जवळचा रंग भाजून फुगला. चासी उघडल्यावर जुन्या वेल्डिंगपाशी केसासारखी भेगही दिसली, ती वरच्या रंगाखाली झाकली गेली होती. म्हणजे रंग भाजला ते एका अर्थी बरंच झालं. ज्या डब्यात आई बसणार त्याची चासी भेगाळलेली, हा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही.

सध्याची मापं: लीड १९० मिमी, टो-इन १८ मिमी, लीन-आउट दीड अंश म्हणजे मीटरला २६ मिमी, डब्यात ५५ किलो वाळू धरून. उद्या चालवून बघतो.

---

बायर्नचा_पाहुणा

मी जर्मनीत बव्हेरियात राहतो, मूळचा कोल्हापूरचा. इथे साइडकार उजव्या बाजूला, त्यामुळे तुमचं सगळं मला आरशात बघून वाचावं लागतं, तुमचं डावं वळण म्हणजे आमचं उजवं.

इथे या गाड्यांचं वेड फार जुनं आहे. न्यूरेंबर्गच्या श्टाइब कंपनीचे डबे, पुढून बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते, आजही लोक जिवापाड जपतात. बीएमडब्ल्यूने जुन्या आर ६० च्या पुढच्या फोर्कला दोन जागा दिल्या होत्या, साइडकार लावली की फोर्कचा खालचा पिव्हट दुसऱ्या भोकात घ्यायचा म्हणजे ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) कमी होतो आणि हँडल हलकं. आपल्या बुलेटला ती सोय नाही, म्हणून हात थोडे दुखणारच, पण मापं नीट असली तर सोसवतं. लढाईच्या काळातल्या आर ७५ ला तर साइडकारचं चाकही इंजिनवर फिरायचं, रिव्हर्स गिअरसकट.

इथे भर थंडीत, बर्फात, हत्तींचा मेळा भरतो, एलेफांटेनट्रेफेन. १९५६ साली त्सुंडाप केएस ६०१ वाल्यांपासून सुरुवात झाली, त्या गाडीला हिरवा हत्ती म्हणायचे. आता बव्हेरियाच्या जंगलात खोलगट दरीत तंबू ठोकतात, गवताच्या पेंढ्या, शेकोट्या. मी दोनदा गेलोय. बर्फात दोन चाकं पडतात, तीन चाकं उभी राहतात, म्हणून थंडीच्या देशात हे टिकलं. एक पाहिलं ते सांगतो, तिथे कोणी कोणाला मागे टाकत नाही. सगळ्यात हळू गाडी पुढे आणि बाकी सगळे तिच्या मागे.

---

घाटवाट

मोरगावला जाताना दिवे घाट आहे म्हणून हे लिहितोय, कृपया आईंना बसवण्याआधी हे मनावर घ्या.

दुचाकी आपण झुकवून वळवतो, साइडकार वळवायची ती हँडल फिरवून, चारचाकीसारखी. ज्यांनी ३० वर्षं बुलेट चालवली त्यांनाच हे जास्त जड जातं कारण शरीर आपोआप झुकवायला जातं आणि गाडी सरळ निघून जाते. दुसरं, अ‍ॅक्सिलरेटर दिला की डबा मागे राहतो आणि गाडी डावीकडे जाते. ब्रेक दाबला की डबा पुढे ढकलतो, बहुतेक डब्यांच्या चाकाला ब्रेकच नसतो, आणि गाडी उजवीकडे जाते, म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या दिशेला. हे अंगात मुरेपर्यंत रस्त्यावर येऊ नका.

सगळ्यात धोक्याचं ते डावं वळण. वेग जास्त झाला की डब्याचं चाक जमीन सोडतं, रिकामा असेल तर तीसच्या आतही. चाक उचललं गेलं की घाबरून हँडल अजून डावीकडे ओढलं जातं आणि गाडी उजवीकडे कलंडते. हँडल किंचित उजवीकडे सोडलं, गाडी सरळ केली, की चाक खाली येतं, पण घाटात उजवीकडे जागा कुठे आहे? म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात हलकं अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक नाही. मागे कोणी बसलं असेल तर त्याने डावीकडे, डब्यावर, वजन टाकायचं.

मी हे मोकळ्या मैदानावर शिकलो. रिकामा डबा घेऊन डावीकडे गोल गोल, हळूहळू वेग वाढवत, चाक मुद्दाम उचलायचं आणि परत खाली ठेवायचं. पन्नास वेळा करा. पुढे आयुष्यात कधी चाक उचललंच तर हात योग्य तेच करतात.

उतारावर दुसऱ्यातच राहा. जुने ड्रम, त्यात वजन, सारखा ब्रेक धरला की दिवे घाटाच्या खाली वडकीला येईपर्यंत ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो.

---

खडकीकर

+१ घाटवाटला. एक शंका, कागदपत्रांचं काय? ५० वर्षांच्या वरच्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते ना आता?

---

ओळंबा

मिळते, २०२१ च्या नियमांनी. व्हीए मालिकेचा नंबर, नवीन नोंदणीला २० हजार, १० वर्षं मुदत. पण दोन गोष्टी बघा. गाडी मूळ रूपात पाहिजे, इंजिन-चासीत मोठे बदल नकोत. आणि ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच. आईला घेऊन देवाला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करत ठेवणं बरं. आरसीवर साइडकारची नोंद आहे का ते आधी तपासा आणि विमाही त्याप्रमाणेच हवा. वडिलांच्या नावावरून वारसाने नाव बदलायचं असेल तर ते काम सगळ्यात आधी करा, बाकी सगळं त्यावर अडतं.

---

फटफटी_६७

आरसीवर साइडकारची नोंद आहे, १९६८ ची, शाई फिकट झालीय पण वाचता येते. नाव बदलून झालं.

आणि गाडी सरळ जाते हो. परवा वाढ्याच्या रस्त्याला १० किमी गेलो, खांदा दुखला नाही. डँपर अर्धा फेरा. आता रोज सकाळी शाळेच्या मैदानावर घाटवाट म्हणाले तसं डावीकडे गोल.

---

मिडलंड्सचा_मराठी

इंग्लंडमधून. बायर्नच्या पाहुण्यांनी जर्मनीचं सांगितलं म्हणून इकडचं एक. इथे साइडकार आपल्यासारखीच डावीकडे. बर्मिंगहॅमच्या वॉटसोनियनने १९१२ पासून डबे बनवले, सुरुवात घडी होणाऱ्या साइडकारने, कारण मालकाच्या घराच्या बोळातून ती आत जात नव्हती. पुढे याच कंपनीने कितीतरी वर्षं चेन्नईच्या बुलेट आयात करून विकल्या. १९५५ ला एनफील्ड इंग्लंडहून मद्रासला गेली आणि नंतर मद्रासहून इकडे परत आली, त्यात साइडकारवाल्यांचाही हात होता. तुमचा धागा इथल्या माझ्या जुन्या शेजाऱ्यांना भाषांतर करून सांगतोय, ते बीएसए एम २१ ला डबा जोडून ४० वर्षं फिरतायत. त्यांचा एकच निरोप, आईंच्या पायाशी हीट लागत नाही ना ते बघा.

---

फटफटी_६७

राईड झाली. सविस्तर लिहितो.

रविवारी पहाटे साडेसहाला हडपसरहून निघालो. एकूण ९ गाड्या, त्यात साइडकारवाल्या ४. आमची बुलेट, अजून एक बुलेट, एक चेतक (चेतकची_लेक ताई स्वतः, बाबांची गाडी, डब्यात त्यांची बहीण), आणि एक येझदी. बाकी साध्या दुचाक्या. चेतक सगळ्यात हळू म्हणून साइडकारवाल्यांत ती पुढे, वेग तिचा, ४० ते ४५. साध्या गाड्या दोन पुढे तीन मागे, वळणावर मागच्या ट्रकला हात दाखवायला. साइडकार पूर्ण लेन घेते, तिच्या बाजूला कोणी चालवायचं नाही हे आधीच ठरवलं होतं आणि पाळलं.

खड्ड्यांबद्दल कोणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहितो. तीन चाकांच्या तीन वाटा, एक खड्डा चुकवला की दुसरं चाक त्यात जातंच. मी ठरवलं की आईचं चाक वाचवायचं, माझी दोन गेली तरी चालतील. स्पीड ब्रेकरला पुढचं चाक, मग डबा, मग मागचं असे तीन वेगवेगळे धक्के बसतात, त्यामुळे जवळपास थांबूनच घेतले.

दिवे घाट चढताना गाडी तिसऱ्यात होती, कमी दाताच्या स्प्रॉकेटचे आभार. प्रत्येक डाव्या वळणाआधी दुसरा गिअर. एकदाही चाक हललं नाही, आई आणि मागे पत्नी, शिवाय डब्याच्या तळाशी २० लिटर पाणी. वर थांबलो, मस्तानी तलाव दिसत होता. आईने विचारलं इंजिन तापलं का रे, तुझे बाबा इथेच थांबायचे. मला हे माहीत नव्हतं. त्या वळणावर आम्ही सगळे पाऊण तास बसलो, चहा झाला, आणि आई चेतकवाल्या दोघी बहिणींना १९७१ चा रस्ता कसा होता ते सांगत होती.

सासवडला अंजीर घेतले. जेजुरीला खालूनच नमस्कार, आईला पायऱ्या झेपत नाहीत. मोरगावला साडेदहा. डब्यातून उतरताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली नारळाची पिशवी आण.

परतीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच आलो, वडकीला ड्रमला हात लावून बघितला, कोमट. मागच्या चाकाच्या ४ आऱ्या सैल झाल्यात, आज आवळल्या. टो-इन १८ चं १६ झालंय, खालचा मागचा क्लॅम्प थोडा सरकला असावा, त्याला चेकनट टाकतोय. मिडलंड्सच्या आजोबांना सांगा हीट लागली नाही, पण ऊन लागलं. आईची एकच तक्रार आहे, परत येताना डोक्यावर पदर धरून हात दुखला. डब्यावर मूळ टप (कापडी छत) होता तो उंदरांनी खाल्ला, कमानीचे पाइप शिल्लक आहेत. नवा टप कोण शिवून देईल?

---

नाना_पेठ_वारी

रिक्षाचं हूड शिवणाऱ्याकडे जा. कमानीचे पाइप काढून नेऊ नका, गाडीच घेऊन जा, तो जागेवर माप घेतो. मागे काचेच्या जागी जाड पारदर्शक प्लास्टिक शिवायला सांगा आणि बाजूच्या पट्ट्या बटणाच्या ठेवा म्हणजे उन्हात वर गुंडाळता येतात. आईंना सोबत न्या. बसल्यावर डोक्यापासून टप चार बोटं वर राहिला पाहिजे, ते माप त्या बसल्याशिवाय कळणार नाही.

---

फटफटी_६७

बुधवारी नेतो. आई तयार आहे.